दात खाचेत होता

"हातोडा नको, तो लाकडाचा ठोकळा दे," छर्रेकाका म्हणाले, आणि भिंगरीने तो पटकन उचलून दिला.

सोमवारची सकाळ होती. सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. मावशीची लोळती सायकल छर्रेकाकांच्या दुकानासमोर घोडीवर चढवलेली होती आणि तिचं पुढचं चाक, चिमटा, हँडल सगळं सुटं होऊन जुन्या चादरीवर ओळीने मांडलेलं होतं. भिंगरी स्टुलावर बसून बघत होती. एका जागी ती कधी टिकत नसे, नावच त्यावरून पडलेलं. पण आज तासभर ती हलली नव्हती.

मावशी परिचारिका. घरोघर जाऊन आजारी माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि साध्या सायकलवर वाकून बसणं संपलं. मग तिने ही सायकल आणली. हिच्यावर खुर्चीत रेलल्यासारखं बसायचं, पाय पुढे लांब करून पेडल मारायचं. गल्लीतली मुलं तिला ‘पलंग’ म्हणत. पलंग होता झकास, पण त्याला एक खोड होती. सावकाश चालवताना किंवा उतारावर त्याचं हँडल थरथरायचं. जरा हात हलला की सायकल भलतीकडेच वळायची. त्यावर उपाय म्हणून मावशीने दोन महिने वाट बघून एक खास हेडसेट, म्हणजे हँडलची दांडी ज्यात फिरते तो जोड, मागवला होता, आणि तोच आज बसत होता.

छर्रेकाकांनी चष्मा लावून सोबतचा छापील कागद दोनदा वाचला. छर्रे बसायच्या जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या लांब स्क्रूने दाबून बसवल्या, छर्ऱ्यांची कडी ठेवली. मग एक काळी चपटी डबी हातात घेऊन भिंगरीला दाखवली. आत मधासारखं घट्ट ग्रीस होतं. हँडल हळू फिरवलं तर ते वाट देतं, झटका बसला तर अडवून धरतं, असं त्यांनी समजावलं. डबीच्या कडेला एक बारीक दात होता. तो हँडलच्या दांडीखालच्या खाचेत बसलाच पाहिजे, नाहीतर डबी नुसती शोभेची. त्यांनी दात खाचेत बसवला, खात्री केली, भिंगरीलाही वाकून बघायला लावलं, आणि मगच वरचा नट आवळला. बाजूला एक छोटा स्क्रू होता, घट्टपणा कमी-जास्त करायचा. तो मधोमध ठेवून त्यांनी सांगितलं की आठ दिवस याला कुणी हात लावायचा नाही.

सायकल ढकलत त्यांनीच ती घरी आणून दिली. मंगळवार-बुधवार मावशीची सुट्टी होती. गुरुवारी नव्या हँडलवर पहिली फेरी, असं ठरलं.

आणि इथेच भिंगरीचं चुकलं.

बुधवारी दुपारी घर सामसूम होतं. भिंगरीचा मामेभाऊ पान्या पडवीत बसला होता. त्याच्या खिशात कायम एखादा पाना असायचा, म्हणून तो पान्या. भिंगरी त्याला म्हणाली की आपण एकच चक्कर मारू, कुणाला कळणारसुद्धा नाही. पान्याने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. भिंगरीपुढे त्याचं ‘नाही’ फार वेळ चालत नसे.

मागच्या मैदानात भिंगरी पलंगावर रेलली. हँडल खरंच बदललं होतं. मधात चमचा फिरवावा तसं ते संथ, जड फिरत होतं. सायकल सरळ चालली, डुलली नाही. पण भिंगरीला सरळ जायचंच नव्हतं, तिला पाण्याच्या टाकीभोवती गरगर वळायचं होतं. तिने पान्याला स्क्रू सैल करायला सांगितला. त्याने पूर्ण सैल केला, आणि मग तिने मनसोक्त गिरक्या घेतल्या. एवढ्यात मावशीच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. दोघांनी धावत सायकल पडवीत आणून लावली. पान्या म्हणाला, "स्क्रू राहिला." भिंगरी म्हणाली, "उद्या सकाळी करू. ती उठायच्या आत."

सकाळी भिंगरी उठली तेव्हा मावशी निघून गेली होती.

साडेनऊला फोन आला. दवाखान्याच्या उतारावर हँडल एकदम थरथरून वळलं आणि मावशी रस्त्यावर आपटली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. दुपारी ती प्लास्टर घालून घरी आली आणि खुर्चीत बसल्या बसल्या फोन करू लागली. कुणाच्या पायाची पट्टी, कुणाच्या पोटाचे टाके. सगळ्यांना ती सांगत होती की आठवडाभर कळ काढा, मी दुसऱ्या कुणाची सोय करते. एक म्हातारे मास्तर ऐकेनात. दुसऱ्या कुणाच्या हातची पट्टी त्यांना नको होती. मावशी त्यांची समजूत काढत होती आणि भिंगरी दाराआड उभी राहून ऐकत होती. पान्याकडे तिने बघितलं नाही. पान्यानेही तिच्याकडे बघितलं नाही.

मामा म्हणजे पान्याचे बाबा, राहायचे याच घरात. कपाटं विकण्याचा त्यांचा धंदा, आणि घाई हा त्यांचा स्वभाव. बहिणीचा हात बघताच त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. ही सायकल विकायची, आणि त्या छर्रेवाल्याला जाब विचारायचा. मावशी म्हणाली की आधी सायकल नीट तपासू या. पण मामा चप्पल घालून निघालेसुद्धा. जाताना भिंगरीला म्हणाले, "तू होतीस ना तिथे सोमवारी? चल."

दुकानासमोर मामांनी जो आवाज चढवला, तो ऐकून शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. औषधवाला काउंटर सोडून बाहेर आला. दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. मामा म्हणत होते की कामात लक्ष नाही, नव्या वस्तूंची अक्कल नाही, लोकांचे हातपाय मोडायचे धंदे आहेत. छर्रेकाका हातातलं फडकं पिळत उभे होते. मग त्यांची नजर भिंगरीवर गेली आणि त्यांचा चेहरा जरा उजळला.

"ही पोरगी तासभर इथेच बसली होती," ते म्हणाले. "दात खाचेत बसलेला हिने डोळ्यांनी बघितला आहे. हिलाच विचारा."

सगळे भिंगरीकडे बघू लागले. तिला तो दात लख्ख आठवत होता. पण तो आठवतो म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार होता: मग सायकल बिघडली कशी? आणि त्याचं उत्तर तिच्याकडे होतं.

"माझं लक्ष नव्हतं," भिंगरी म्हणाली.

छर्रेकाकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मामा म्हणाले, "बघा!" आणि तिचा हात धरून तिला घेऊन निघाले. घरापर्यंतचा रस्ता भिंगरीने खाली मान घालून काटला. कुणीतरी कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी शेजारची शंकासूर वही-पेन्सिल घेऊन हजर झाली. ती दहा वर्षांची, आणि तिला पडत नाही अशी शंका जगात नव्हती. नाव पडलं तेव्हासुद्धा तिची शंका तयार होती की असुर तर मुलगा असतो, मग मी शंकासुरीण का नाही? आज तिला शंका अशी होती की इतकं जपून काम करणारे छर्रेकाका एवढी मोठी चूक करतीलच कशी. आपण तपास करायचा, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

चोरानेच चोरीचा तपास करायचा, अशी गत. पण भिंगरी-पान्याला नाही म्हणायला कारण सुचेना.

अपघातानंतर परत आणलेली सायकल पडवीत होती. पान्याने हँडल फिरवून बघितलं. ते पाण्यात हात फिरवावा तसं सुळकन फिरलं. मग त्याने सैल सोडलेला स्क्रू शंकासूरच्या नकळत घट्ट केला. पुन्हा फिरवलं. तरीही सुळकन. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने खाली वाकून डबीच्या कडेला डोळा लावला.

"फट आहे," तो म्हणाला. "नखाएवढी. दात बाहेर आहे."

तिघांनी आळीपाळीने बघितलं. खरंच, काळ्या डबीचा दात खाचेच्या शेजारी फुकट उभा होता. अशा वेळी स्क्रू कुठेही असला, तरी डबी काहीच करू शकत नव्हती. शंकासूर वहीत चित्र काढू लागली, तेव्हा पान्या भिंगरीच्या कानात पुटपुटला, "म्हणजे आपल्यामुळे नाही. सुटलो."

भिंगरीच्या छातीवरचा धोंडा क्षणभर उतरला. पण लगेच तिला छर्रेकाकांचं ते खाली ठेवलेलं फडकं आठवलं. सुटलो, असं वाटल्याचीच तिला लाज वाटली.

दात बाहेर कसा आला? हँडल वर उचलल्याशिवाय तो निघणार नव्हता. शंकासूर घरभर फिरू लागली आणि पाच मिनिटांत तिने हाक मारली. पुढच्या दाराच्या पांढऱ्या चौकटीवर गुडघ्याच्या वर काळे ठिपके होते, एका ओळीत, उंदराने कुरतडावं तसे. पान्याने बोट लावून बघितलं. चेनचं काळं तेल. लोळत्या सायकलचं दातेरी चाक अगदी पुढे, नाकावर असतं. म्हणजे सायकल या दारातून गेली होती. पण मावशी तर ती नेहमी पडवीतच ठेवायची.

पान्याने टेप आणून मोजलं. दार होतं सहासष्ट सेंटिमीटर, हँडल बहात्तर. हँडल वळवावं तर चाकही वळणार आणि सायकल पुढे सरकणार नाही. म्हणजे दांडी सैल करून, वर उचलून, नुसतं हँडल आडवं केल्याशिवाय ही सायकल आत जाणंच शक्य नव्हतं.

"पण आत कशाला नेली असेल?" शंकासूरने विचारलं.

पान्या पडवीतल्या दोन नव्याकोऱ्या कपाटांकडे बघत होता. ती बुधवारी संध्याकाळी आली होती. उतरवायला त्याच्या बाबांना जागा हवी होती. पान्याचा चेहरा पडला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला की विचारलं तर ते कबूल करणार नाहीत. खोटं बोलतात म्हणून नाही. त्यांच्या ते लक्षातच नसेल. घाईत केलेलं काम त्यांना कधीच आठवत नाही.

"मग विचारायचं नाही," शंकासूर म्हणाली. "करून दाखवायला लावायचं."

तिने बेत सांगितला. त्यासाठी छर्रेकाका हजर हवे होते. भिंगरी आणि शंकासूर त्यांना बोलवायला निघाल्या. पण दुकान दिसताच भिंगरी कोपऱ्यावरच थांबली आणि शंकासूर एकटी पुढे गेली. दुकानासमोर एकही सायकल उभी नव्हती.

दुपारी मामा जेवून बाहेर आले. मावशी पडवीत खुर्चीवर बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. छर्रेकाका फाटकापाशी उभे होते. सायकल एकदा बघू द्या, असं त्यांनी मावशीला सांगितलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं. त्यांना बघून मामांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात दारात धडपड सुरू झाली. शंकासूर सायकल आत ढकलत होती आणि हँडल चौकटीला अडकत होतं.

"काका, ही आत जातच नाही हो," ती मामांकडे बघत रडवेल्या आवाजात म्हणाली. "किती जोर लावला. कुणालाच जमणार नाही बहुतेक."

कुणालाच जमणार नाही, हे शब्द मामांना सहन होत नसत. सरक बाजूला, डोकं वापरावं लागतं, असं म्हणत त्यांनी चाव्यांच्या जुडग्यातली षट्कोनी किल्ली काढली, वरचा नट सैल केला, दांडी बोटभर वर उचलली आणि हँडल आडवं करून ठेवलं. सायकल अलगद आत गेली. मग ती बाहेर आणून त्यांनी हँडल सरळ केलं, दांडी खाली दाबली, नट आवळला आणि हात झटकले. "झालं. बुधवारी असंच तर आत नेलं होतं मी, आणि कपाटं उतरल्यावर असंच बाहेर आणलं, एकट्याने."

छर्रेकाका पुढे आले, वाकले आणि डबीकडे बोट दाखवून म्हणाले, "ताई, जरा इथे बघा. दात बाहेर आहे."

मावशीने बघितलं. मग भावाकडे बघितलं. मामांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. पण माणूस इतक्या सहज हार मानत नाही. ते म्हणाले की मी दांडी उचलली असेल, पण त्याआधी दात आत होता कशावरून? सोमवारीच चुकीचा बसला असेल. गुरुवारपर्यंत मावशीने तर ती चालवलीच नव्हती. कोण सांगणार?

या वेळी छर्रेकाकांनी भिंगरीकडे बघितलंसुद्धा नाही.

तेच तिला सहन झालं नाही.

"मी सांगते," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. "दात खाचेत होता. सोमवारी मी वाकून बघितला होता. आणि बुधवारी दुपारीही तो जागेवर होता, कारण मी सायकल चालवली. न विचारता. हँडल मधात फिरवल्यासारखं जड होतं. ते जड होतं म्हणून मी स्क्रू सैल करायला लावला, आणि तो आम्ही तसाच ठेवला."

"सैल मी केला," पान्या म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून केला. आणि काल दुकानात माझं लक्ष नव्हतं असं म्हणाले, ते खोटं होतं. माझं सगळं लक्ष होतं." मग तिने उरलेलंही सांगितलं. "मला वाटत होतं मावशी माझ्यामुळे पडली. तरी मी बोलले नाही."

ती रडली नाही. रडलं की लोक जवळ घेतात, आणि आपल्याला जवळ घ्यावं असं आपण काही केलेलं नाही, असं तिला वाटत होतं. तिचे कान तापले होते आणि नजर फरशीवरून वर उचलवत नव्हती.

सगळ्यात आधी मामा बोलले, आणि तेही हळू आवाजात. हे त्यांच्याकडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. "म्हणजे ताईला मी पाडलं," ते म्हणाले, आणि पायरीवर बसले.

मावशी म्हणाली की स्क्रूची चूक वेगळी, दांडीची वेगळी. त्या हाताने घडतात आणि हातानेच दुरुस्त होतात. "पण ह्यांच्या दुकानासमोर तुम्ही दोघांनी जे केलंत ना, ते माझ्या घरच्या पडवीत दुरुस्त व्हायचं नाही."

"नको हो ताई, झालं ते झालं," छर्रेकाका म्हणाले. मग भिंगरीकडे न बघता ते पुढे म्हणाले, "ओरडणारी माणसं रोज भेटतात. त्याचं काही नाही. पण तू म्हणालीस लक्ष नव्हतं, तेव्हा मला वाटलं, खरंच माझाच हात चुकला की काय. काल रात्रभर मी हेच आठवत बसलो होतो."

याहून मोठी शिक्षा भिंगरीला कुणी देऊ शकलं नसतं.

शनिवारी सकाळी ते सगळे बाजारात गेले. मामा पुढे, पण दुकान जवळ येऊ लागलं तसे ते मागे पडत गेले. शिंप्याच्या दारासमोर ते भिंगरीला म्हणाले, "तू बोलतेस का आधी?" ते असं म्हणतील, अशी तिने कल्पनाही केली नव्हती. मोठ्या माणसालाही इतकी लाज वाटते, हे बघून तिला उलट थोडा धीर आला. तिने शिंप्याला मशीन थांबवायला सांगितलं, औषधवाल्याला बाहेर बोलावलं, आणि कालचं सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड होतं, कारण इथे तिला कुणी आपलं समजत नव्हतं. मग मामांनी हात जोडून माफी मागितली, गुरुवारी ओरडले होते जवळपास तेवढ्याच मोठ्या आवाजात. मास्तरांच्या घरी मी रोज ताईला कपाटांच्या गाडीतून नेईन, तिने आपल्या जागी येणाऱ्या बाईला पट्टी बांधायला शिकवावं, हेही त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं.

शिंपी म्हणाला की पोरांनी गुंता छान सोडवला. औषधवाल्याने शंकासूरच्या वहीतली चित्रं बघून तिची पाठ थोपटली. पान्याला तो म्हणाला की दाराची मापं घेणं हे खरं डोकं. शंकासूरने लगेच विचारलं, मग शाबासकी एकट्या डोक्याला की मापाच्या टेपलाही? सगळे हसले. भिंगरीलाही कुणीतरी धीराची पोर म्हणालं. शब्द चांगले होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा सदरा घातल्यासारखे तिला टोचत होते. ती हळूच मागे सरकली.

सोबत नेलेली सायकल छर्रेकाकांनी घोडीवर चढवली होती. त्यांनी तिला हाक मारली, दांडी उचलून धरली आणि सांगितलं की दात तू बसव. भिंगरीने बोट फिरवून खाच शोधली. पहिल्यांदा दात निसटला. दुसऱ्यांदाही. कुणी घाई केली नाही. तिसऱ्यांदा तो बारीकसा ‘टक्’ आवाज करत आत बसला. काकांनी वाकून बघितलं, नट आवळला, स्क्रू मधोमध आणला आणि हँडल फिरवलं. ते संथ, जड, अगदी आज्ञाधारक फिरलं.

"बरोबर बसलाय," ते म्हणाले.

भिंगरीने मान वर केली. त्या दोन दिवसांत तिने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते हसत नव्हते, पण त्यांनी हातातलं फडकं तिच्यापुढे धरलं होतं. ग्रीसने काळी झालेली बोटं तिने त्यात पुसली, आणि पलीकडच्या सायकलचं चाक काढायला त्यांना दुसऱ्या बाजूने हात दिला.